पुन्हा सरपंच व्हायचंय? आधी गावाची देणी वाचून दाखवा

मी ग्रामसेवक असताना एका गावच्या सरपंचांनी मुदत संपत आली तेव्हा चौकात मोठा फ्लेक्स लावला होता. ‘काटकसरीचा कारभार, पारदर्शक व्यवहार’ आणि खाली ग्रामपंचायतीच्या खात्यातली शिल्लक लाखांत. आकडा खरा होता, मीच काढून दिला होता. पुढच्याच आठवड्यात थकबाकीपोटी पाणीपुरवठ्याच्या विहिरीवरची वीज तुटली आणि बायका रिकामे हंडे घेऊन नेमक्या त्या फ्लेक्सखाली येऊन उभ्या राहिल्या. सरपंच पडले. माणूस वाईट नव्हता, एक रुपया खाल्लेला नव्हता. बँकेत पैसे पडून आहेत म्हणजे आपण काटकसर केली, असा त्यांचा प्रामाणिक समज होता. तो दुरुस्त करणं माझं काम होतं आणि मी ते केलं नव्हतं.

म्हणून हा लेख. दुसऱ्यांदा उभं राहायचंय आणि ‘मी गावाचा पैसा जपून वापरला, हिशेब उघडा ठेवला’ एवढ्याच बळावर मत मागायचंय, अशा सरपंचांसाठी आणि सरपंचताईंसाठी. मुदत संपायला सहा महिने असताना सुरुवात करा. आचारसंहिता लागल्यावर हा लेख वाचत असाल तर निम्म्या पायऱ्या हातातून गेल्या असं समजा.

पहिली पायरी: आरक्षण आणि स्वतःचा उंबरठा

सरपंचपदाचं आरक्षण फिरतं. सोडत निघाल्याशिवाय पुन्हा त्याच पदाला उभं राहता येईल की सदस्यपदाला, की नुसतं पॅनेल चालवायचं, हे कळत नाही. सोडतीची वाट बघत हिशेबाचं काम मात्र थांबवू नका, पॅनेल उभं केलं तरी तो लागतोच. दुसरी गोष्ट, निवडीची पद्धत. थेट जनतेतून सरपंच ही पद्धत २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये रद्द झाली आणि २०२२ मध्ये परत आली. त्यामुळे जानेवारी २०२१ च्या निवडणुकीत सदस्यांमधून सरपंच झालेल्यांना पुढच्या वेळी सगळ्या गावापुढे जावं लागतं. तेव्हा आपला एक वॉर्ड आणि चार सदस्य सांभाळले की भागत होतं. आता ज्या वस्तीत पाच वर्षांत दोनदाच पाऊल टाकलं, तिथलीही मतं मोजली जाणार आहेत.

आता उंबरठा. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ प्रमाणे मागणीचं बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत कर न भरणारा अपात्र ठरू शकतो. सरकारी किंवा सार्वजनिक जागेवरच्या अतिक्रमणाचंही तसंच. आजोबांनी केलेलं अतिक्रमण असलं तरी त्यात राहणारा नातू सुटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. तुमचं घर, भावाचं घर आणि पॅनेलमधल्या प्रत्येकाचं घर तपासा. घरपट्टीची पावती हातात घेऊनच बघा, ‘भरली असेल’ यावर जाऊ नका.

तिसरी गोष्ट बोलायला अवघड आहे. पाच वर्षांत ग्रामपंचायतीकडून ज्यांना ज्यांना पैसे गेले त्यांची यादी काढा: ठेकेदार, मोटार दुरुस्तीवाला, सिमेंटचा दुकानदार, मंडपवाला, झेरॉक्सवाला. त्यात मेहुणा किंवा भाचा निघाला तर आत्ताच कळू द्या. पंचायतीच्या कामात सदस्याचा प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हिस्सा असणं हेही अपात्रतेचं कारण आहे. हिस्सा नसेल, फक्त नातं असेल, तर ते आपल्या तोंडून सांगा, दर कसा ठरला ते कागदासह. विरोधकाने सांगितलं की तेच नातं घोटाळा म्हणून गावभर फिरतं.

दुसरी पायरी: तेहतीस नोंदवह्या नकोत, पाच पुरे

लेखासंहिता नियम २०११ मध्ये ग्रामपंचायतीच्या हिशेबाचे ३३ नमुने आहेत. सगळे उघडून बसलात तर आठवड्यात कंटाळाल. मी सरपंचांना पाचच सांगतो.

नमुना ५, म्हणजे रोकडवही. आलेला आणि गेलेला प्रत्येक रुपया इथे असतो. प्रत्येक मार्चअखेरची शिल्लक बँकेच्या पासबुकाशी ताडून बघा. फरक असेल तर वटायचे राहिलेले धनादेश कोणते, जमा व्हायची राहिलेली रक्कम कोणती, हे लिहून घ्या.

नमुना ९, कराची मागणी. किती मागितलं, किती आलं, किती राहिलं.

नमुना १२, प्रमाणकं. यालाच सगळे व्हाउचर म्हणतात. पैसा का गेला त्याचा पुरावा हाच. प्रत्येकामागे बिल आहे का, मासिक सभेच्या ठरावाचा क्रमांक आहे का, माल घेतला असेल तर तो साठा नोंदवहीत चढला आहे का, एवढं बघा. पथदिव्यांचे पन्नास दिवे घेतल्याचं बिल आहे आणि साठ्यात नोंद नाही, हे गावोगाव सापडतं. बहुतेक वेळा चोरी नसते, आळस असतो. पण गावाला आळस आणि चोरी यांतला फरक पटवून देणं सोपं नसतं.

नमुना २० आणि त्यासोबतची मोजमाप वही, जिला सगळे एमबी म्हणतात. रस्ता किती मीटर झाला, गटार किती खोल झालं, हे कनिष्ठ अभियंता इथे लिहितो आणि त्यावरच बिल निघतं.

आणि नमुना ४, मत्ता व दायित्वे. गावाच्या मालकीचं काय आणि गावावर देणं काय, हे सांगणारा एकमेव कागद. माझ्या पाहण्यात हाच सगळ्यात दुर्लक्षित. मागच्या वर्षीचा उतरवून खाली तारीख बदलायची, असाच रिवाज. तुमच्या प्रचाराचा कणा मात्र हाच नमुना आहे, तेव्हा तो नव्याने भरून घ्या.

हे कागद तोंडी मागू नका. मासिक सभेत ठराव घ्या: ‘गेल्या पाच वर्षांच्या जमा-खर्चाचा वर्षवार गोषवारा पुढील सभेपुढे ठेवावा.’ ग्रामसेवकाला (हल्ली ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) तोंडी सांगितलेलं काम दहा कामांच्या खाली जातं. यात त्याचा दोष धरू नका, त्याच्याकडे बहुधा दोन गावं असतात.

मग मोबाइलवर ई-ग्रामस्वराज उघडा. केंद्राचं हे पोर्टल एप्रिल २०२० पासून आहे आणि वित्त आयोगाच्या पैशाचा आराखडा, खर्च, प्रमाणकं त्यावर कुणालाही दिसतात. कुणालाही, म्हणजे विरोधी पॅनेलमधल्या कॉलेजच्या पोरालाही. पोर्टलवर कामाचं नाव इंग्रजीत एक असतं आणि गावात त्या कामाला दुसऱ्याच नावाने ओळखतात. ‘मारुती मंदिरामागचं गटार’ हे पोर्टलवरचं नेमकं कोणतं काम, असा दोन रकान्यांचा कागद आधीच करून ठेवा. नसेल तर एका कामाची दोन कामं वाटतात आणि ‘एक गटार कागदावरच’ अशी बातमी फिरते.

सरपंचताईंना एक वेगळं सांगायचं आहे. पैसे सोडायला तुमची आणि ग्रामसेवकाची, दोघांची सही लागते. हल्ली ती डिजिटल असते, डोंगलवर, म्हणजे संगणकाला लावायच्या पेनड्राइव्हसारख्या छोट्या उपकरणावर. तो डोंगल कुणाच्या खिशात आहे? पतीच्या, की संगणक परिचालकाच्या ड्रॉवरमध्ये? तुमच्या सहीने काय काय गेलं हे तुम्हाला सांगता येत नसेल तर पारदर्शकतेचा शब्द तोंडात घेऊ नका. आधी डोंगल परत घ्या, पासवर्ड बदला, आणि पाच वर्षांची प्रमाणकं स्वतः वाचून काढा. आठ-दहा दिवस लागतील.

तिसरी पायरी: उरलेला पैसा आणि वाचवलेला पैसा

इथे सगळे घसरतात, म्हणून थोडं सावकाश.

ग्रामपंचायतीकडे दोन जातींचा पैसा येतो. एक गावाचा स्वतःचा: घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर, गाळ्यांचं भाडं, बाजार फी. दुसरा वरून आलेला, त्यात मोठा भाग वित्त आयोगाचा. पंधराव्या वित्त आयोगाचा काळ २०२०-२१ ते २०२५-२६. महाराष्ट्रात त्यातला ८० टक्के वाटा ग्रामपंचायतींना आणि १० - १० टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेला ठरला. २०२१-२२ पासून ६० टक्के बंधित आणि ४० टक्के अबंधित. बंधित म्हणजे निम्मा पिण्याच्या पाण्यावर, निम्मा स्वच्छतेवर, दुसरीकडे नाही.

हा बंधित पैसा खात्यात पडून असेल तर तुम्ही तो वाचवलेला नाही. तो उरलाय. काम न केल्यामुळे उरलाय. गटार झालं नाही म्हणून शिल्लक दिसते आणि तीच शिल्लक दाखवून तुम्ही मत मागता, हे ज्याच्या दारात सांडपाणी साचतं त्याला लगेच कळतं.

एक उदाहरण मांडतो, आकडे समजण्यापुरते. समजा सगळ्या खात्यांत मिळून १८ लाख रुपये आहेत. त्यातले ११ लाख वित्त आयोगाचे. २ लाख ठेकेदारांची अनामत, कामाची मुदत संपली की परत द्यायची. उरले ५ लाख, ते गावाचे. आता देणी: पथदिवे आणि पाणीपुरवठ्याचं वीजबिल साडेतीन लाख. शिपाई आणि पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याचा थकलेला पगार आणि भविष्य निर्वाह निधी ऐंशी हजार. स्वतःच्या उत्पन्नातून मागासवर्गीयांसाठी १५ टक्के, महिला व बालकल्याणासाठी १० टक्के आणि दिव्यांगांसाठी ५ टक्के खर्च करायचा असतो, त्यातला राहिलेला एक लाख वीस हजार. बेरीज साडेपाच लाख. म्हणजे फ्लेक्सवर १८ लाख आणि खरी स्थिती वजा पन्नास हजार.

ही वजाबाकी तुमच्या गावासाठी करा. पाच वर्षांपूर्वी खुर्चीवर बसलात त्या दिवसाचीही करा. दोन्ही आकडे शेजारी ठेवा. वजा चार लाखांवरून वजा पन्नास हजारांवर आला असाल तर तुमच्याकडे सांगायला खरोखर काहीतरी आहे, आणि ते १८ लाखांच्या फ्लेक्सपेक्षा कितीतरी भक्कम आहे. उलटं असेल, म्हणजे देणं वाढलं असेल, तर काटकसरीचा मुद्दा सोडून द्या. दुसरं काही चांगलं केलं असेल त्यावर उभे राहा. खोटं सांगू नका म्हणून मी बजावत नाही. वीजबिल कुणालाही बघता येतं, एवढंच.

चौथी पायरी: वसुलीचं सत्य

काटकसर म्हटलं की सगळे खर्चाकडे बघतात. ग्रामपंचायतीत निम्मी गोष्ट वसुलीची असते. नमुना ९ मधून प्रत्येक वर्षाची चालू मागणी आणि जुनी थकबाकी वेगळी काढा. एकत्र टक्केवारी काढली की चित्र धूसर होतं. चालू कर नव्वद टक्के येतो आणि जुनी थकबाकी जागची हलत नाही, असं अनेक गावांत असतं.

मग कडू काम. थकबाकीदारांत तुमची माणसं किती? निवडणुकीत ज्यांनी गाडी फिरवली, चहापाणी केलं, त्यांच्या दारात वसुलीची नोटीस पाठवणं कुठल्याही सरपंचाच्या जिवावर येतं. पण गाव तेच मोजतं. थकबाकीची नावं चौकात लावण्यापेक्षा मी म्हणेन, वॉर्डवार आकडा लावा, आणि नावं लावायचीच तर सरपंच, उपसरपंच आणि सदस्य यांची, समोर ‘निरंक’ लिहून. निरंक लिहिता येत नसेल तर आधी भरा.

वसुली फक्त नोटिशीने होत नाही. छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोदा गावाने कर भरणाऱ्या घरांना दळण मोफत दिलं, आणि ती गोष्ट महाराष्ट्रभर झाली. तुमच्या गावात गिरणी काढा असं मी म्हणत नाही. तिथल्या लोकांना कर भरला की काय मिळतं ते डोळ्यांनी दिसलं, एवढं लक्षात घ्या. पाणीपट्टी भरलेल्यांच्या नळाला ठरल्या वेळी पाणी आलं तरी वसुली वाढते.

पाचवी पायरी: काटकसरीचा प्रत्येक दावा चार रकान्यांत

‘अनावश्यक खर्च टाळला’ हे वाक्य कागदावर येऊ देऊ नका. त्याचा काहीच अर्थ होत नाही. त्याऐवजी चार रकाने आखा: आधी खर्च किती, काय बदललं, आता किती, वाचलेलं कुठे गेलं. चौथा रकाना रिकामा राहिला तर तो दावा खोडा.

पाणीपुरवठ्याची मोटार वर्षातून तीनदा जळायची, दर वेळी रिवाइंडिंग. केबल आणि मोटारीचं विजेचं पॅनेल बदलल्यावर दोन वर्षांत एकदाच जळली. वाचलेल्या पैशात शाळेच्या टाकीचं कनेक्शन झालं. असा एक दावा दहा घोषणांपेक्षा उजवा, कारण मोटार जळली की पाणी येत नाही हे प्रत्येक बाईला आठवतं. दिवसा जळणारे पथदिवे बंद केले, गळकी पाइपलाइन बदलली, ही त्याच जातीची कामं.

काही गोष्टींवर मात्र ‘वाचवलं’ असं चुकूनही लिहू नका. पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर कमी घेणं ही काटकसर नाही. पाण्याचे नमुने तपासणीला न पाठवणं ही काटकसर नाही. दिव्यांगांचा ५ टक्के निधी न वाटणं तर नाहीच, ते त्यांचे हक्काचे पैसे अडवून धरणं आहे. कर्मचाऱ्याचा भविष्य निर्वाह निधी न भरणं हेही त्यातच. पाणी सोडणाऱ्याच्या घरात चार मतं असतात, हा भाग वेगळा.

खरेदीच्या फायली उघडाल तेव्हा दोन ठिकाणी थांबा. एक, दरपत्रकं. तीन दुकानांची तीन दरपत्रकं आणि तिन्हींचं हस्ताक्षर एक, हा प्रकार इतका जुना आहे की लेखापरीक्षक आधी तेच बघतात. दुसरं, कामांचे तुकडे. एकच रस्ता ‘भाग १’, ‘भाग २’, ‘भाग ३’ करून, ज्या रकमेपुढे ई-निविदा काढावीच लागते त्या मर्यादेखाली बसवलेला असतो. तुमच्या काळात असं झालं असेल तर का झालं याचं उत्तर तयार ठेवा. निधी तीन हप्त्यांत आला असेल तर हप्त्यांच्या तारखा दाखवा. उत्तर नसेल तर त्या रस्त्याचा फोटो पत्रकावर छापू नका.

सहावी पायरी: आक्षेप लपवू नका, आधी वाचा

स्थानिक निधी लेखापरीक्षा होते, आक्षेप निघतात, त्यांच्या पूर्ततेची नोंद नमुना २७ आणि ३० मध्ये होते. आक्षेप नसलेली ग्रामपंचायत मी पाहिलेली नाही. पावती जोडलेली नाही, ठरावाचा क्रमांक नाही, मुद्रांक नाही, असे बरेचसे किरकोळ असतात. थोडे गंभीर, ‘वसुलपात्र’ रकमेचे, म्हणजे जबाबदार माणसाकडून परत घ्यायच्या पैशाचे. यादी करा: किती निघाले, किती पूर्ण झाले, किती बाकी, वसुलपात्र रक्कम किती आणि कुणाकडून. वसुलपात्र आक्षेप तुमच्या काळातला असेल तर खुलासा आणि कागद आत्ताच पाठवा. प्रचारात ‘उत्तर पाठवलंय, पोच ही’ असं म्हणता आलं पाहिजे.

माहिती अधिकाराचे अर्जही इथेच बघा. १० रुपयांचा अर्ज, ३० दिवसांत उत्तर, नाही दिलं तर अपील. निवडणुकीच्या वर्षात अर्ज वाढतात आणि ग्रामसेवक वैतागतो. त्याला सांगा, विसाव्या दिवशी उत्तर जाऊ दे. माहिती मिळाली तर विरोधकाला ती वाचावी लागते, समजून घ्यावी लागते. नाकारली तर त्याला फक्त ‘नाकारली’ एवढंच ओरडायचं असतं. आणि त्याच कायद्याच्या कलम ४ प्रमाणे जी माहिती स्वतःहून जाहीर करायची ती खरोखर भिंतीवर असेल तर निम्मे अर्ज येतच नाहीत.

सातवी पायरी: एका पानाचा हिशेब

हे सगळं काढून झालं की एका पानावर आणा. दोन्ही बाजू वापरा, पण पान एकच.

पुढच्या बाजूला: बसलो त्या दिवसाची स्थिती आणि आजची स्थिती, देण्यांसह. पाच वर्षांत गावाच्या खिशातून किती आलं, वरून किती आलं, मोठे सहा-सात खर्च. काटकसरीचे तीन दावे, चार रकान्यांत. एक चौकट ‘राहिलेलं काम’ या नावाची. आणि एक चौकट ‘चुकलेलं काम’ या नावाची. ही शेवटची चौकट काढून टाका म्हणून तुमचेच कार्यकर्ते तुमच्या मागे लागतील. ऐकू नका. बोअर घेतला आणि पाणी लागलं नाही, हे गावाला माहीत आहे. तुम्ही लिहिलं नाहीत तर बाकीचे खरे आकडेही खोटे वाटायला लागतात.

मागच्या बाजूला वॉर्डवार कामं. वर्ष, जागा, लांबी, रक्कम. जागा गावाच्या भाषेत: ‘पाटलाच्या विहिरीपासून शाळेच्या गेटपर्यंत, २१० मीटर’. लांबी लिहिलीत की कुणीतरी टेप घेऊन मोजणारच. मोजू द्या, फक्त त्याआधी तुम्ही स्वतः टेप लावलेला असू द्या. एमबीत २१० आणि जमिनीवर १८० निघाले तर ते अभियंत्याला आत्ता विचारायचं आहे, प्रचारात तुम्हाला विचारलं जाण्याआधी.

ज्या वॉर्डात कमी खर्च झाला तिथला आकडाही तसाच छापा, कारणासह. दलित वस्ती किंवा लांबची वाडी मागे राहिली असेल तर ती कागदावर दिसेलच, आणि दिसू दे.

अक्षरं मोठी ठेवा. दूध डेअरी, रेशन दुकान, पार, एसटीचा थांबा, सगळीकडे लावा. ही प्रत आचारसंहितेच्या आधीची, ग्रामपंचायतीच्या ठरावाने निघालेली आणि ग्रामसेवकाची सही असलेली असावी. त्यावर तुमचा फोटो नको. हा गावाचा हिशेब आहे.

आठवी पायरी: ग्रामसभा, बोट ठेवाल ते प्रमाणक

आर्थिक वर्षातल्या पहिल्या ग्रामसभेपुढे मागच्या वर्षाचा हिशेब आणि प्रशासन अहवाल ठेवावाच लागतो. गणपूर्ती, म्हणजे कोरम, मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यात जे कमी ते. बहुतेक गावांत काय होतं हे तुम्हाला मी सांगायला नको: कोरम नाही, तहकूब, मग तहकूब सभेला कोरम लागत नाही म्हणून दहा माणसांत सगळं मंजूर, आणि सह्यांची वही घरोघर. कायद्यात बसतं. पण या मार्गाने मंजूर झालेला हिशेब घेऊन पारदर्शकतेवर मत मागता येत नाही.

राजस्थानात तेव्हाच्या पाली जिल्ह्यातल्या कोट किराना इथे डिसेंबर १९९४ मध्ये मजूर किसान शक्ती संघटनेने जनसुनवाई घेतली. सरकारी हजेरीपट आणि बिलं गावापुढे मोठ्याने वाचली, एवढंच केलं. नावं ऐकू आली तशी माणसं उठून सांगू लागली की आम्ही त्या कामावर गेलोच नाही. देशाला माहितीचा अधिकार मिळायला तिथून वाट निघाली. तिथे लोकांनी सत्तेला वाचायला लावलं. तुम्ही खुर्चीवर असतानाच ते आपणहून करायचं आहे.

पद्धत अशी. सभेच्या दिवशी पाच वर्षांच्या प्रमाणकांच्या फायली टेबलावर, वर्षवार, क्रमांकाने लावलेल्या. रोकडवहीचा गोषवारा वाचून झाला की सांगा, कुणीही एक क्रमांक सांगा, ते प्रमाणक काढून वाचतो. सांगणारा विरोधक असला तर आणखी चांगलं. बिल, ठराव, मोजमाप, पैसे कुणाच्या खात्यात गेले, सगळं वाचा. एखादं सापडणार नाही. तेव्हा ‘सापडत नाही, आठ दिवसांत दाखवतो’ असं इतिवृत्तात लिहून घ्या आणि आठव्या दिवशी खरंच दाखवा. असे चार-पाच क्रमांक झाले की सभेतला आवाज खाली येतो. हे मी स्वतः दोन गावांत पाहिलंय. तिसऱ्या गावात हाणामारी झाली, तेही सांगितलं पाहिजे. म्हणून पोलीस पाटलांना आधी कळवून ठेवा.

आदल्या दिवशीची महिला सभा उरकू नका. पाण्याचे आणि गटारांचे खरे प्रश्न तिथेच येतात, आणि तिथे दिलेलं उत्तर त्या रात्री घरोघर पोचतं. इतिवृत्त जागेवर लिहा, शेवटी वाचून दाखवा, शेवटच्या ओळीखाली लगेच रेघ मारून सही करा. मधली मोकळी जागा फार संसार उद्ध्वस्त करते.

नववी पायरी: आचारसंहिता लागली

त्या क्षणापासून ग्रामपंचायत आणि तुम्ही वेगळे. कार्यालय, लेटरहेड, शिपाई, परिचालक चालवतो तो गावाचा व्हॉट्सअॅप गट, यातलं काहीही प्रचाराला नाही. नवं काम नाही, नारळ नाही. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही, त्यामुळे तुमच्या बाजूला तुमचं नाव आणि तो एका पानाचा हिशेब, एवढंच आहे. आता तो स्वतःच्या खर्चाने, स्वतःच्या नावाने, मुद्रकाचं नाव टाकून छापा. आकडे ग्रामसभेतल्या प्रतीशी जुळले पाहिजेत, एक शून्यही इकडेतिकडे नको.

उमेदवारी अर्जासोबतच्या शपथपत्रात मालमत्ता लिहावी लागते. मागच्या वेळचं शपथपत्र काढून शेजारी ठेवा. पाच वर्षांत ट्रॅक्टर आला असेल, मजला चढला असेल, तर कुठल्या पैशाने, याचं उत्तर कर्जाच्या कागदासह तयार हवं. काटकसर सांगणाऱ्याला हा प्रश्न पहिल्याच सभेत येतो.

प्रचाराचा खर्च रोज रात्री लिहा. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब सादर करायचा असतो. तो न दिल्याने पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरवता येतं, आणि यात हरलेले जसे सापडतात तसे जिंकलेलेही. गावाच्या पाच वर्षांचा हिशेब चोख देऊन स्वतःच्या पंधरा दिवसांचा हिशेब द्यायला विसरलेला एक उमेदवार मी पाहिला आहे. त्याला हसावं की रडावं कळेना.

दारोदार फिरताना आकड्यांचं भाषण नको. समोरचा विचारेल, ‘आमच्या गल्लीला काय दिलं?’ मागची बाजू उलटा, त्याची गल्ली दाखवा. ‘शेजारच्या गावात कमान झाली, आपल्याकडे का नाही?’ कमानीच्या पैशात कुठली पाइपलाइन झाली ते सांगा. ‘सगळेच खातात’ म्हणणाऱ्याशी वाद घालू नका. पान हातात द्या आणि म्हणा, काका, चूक सापडली तर उद्या कळवा. काही काका खरंच कळवतात. बरोबर असेल तर दुसऱ्या दिवशी पार आणि डेअरीवरच्या पानावर पेनाने दुरुस्ती करा, खाली तारीख आणि सही.

मतदान झालं की निकालापर्यंत एक-दोन रात्री मोकळ्या मिळतात. कुणाला झोप लागत नाहीच. त्या वेळात ग्रामसेवकाबरोबर बसून चार्ज यादी करा: पासबुकं, धनादेश पुस्तकं, नमुन्यांच्या वह्या, एमबी, किल्ल्या, डोंगल, चालू कामांची स्थिती, देणी तारखेनिशी. दोन प्रती काढा. निवडून आलात तर ती नव्या मुदतीची पहिली ओळ होईल. नाही आलात तर नव्या सरपंचांच्या हातात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर त्यांची पोच घ्या.